ठेका न मोडणारा वादक

पाश्चात्य संगीताशी ज्यांचा परिचय जाता-येता कानावर पडेल तेवढाच आहे, त्यांच्या मनात रॉक संगीतातील ड्रमवादकाचे एक ठरलेले चित्र असते. रंगमंचाच्या मागील बाजूस चौथऱ्यावर बसलेला, घामाने निथळणारा, हातांतील काठ्या गरगर फिरवीत ड्रमांवर आणि झांजांवर तुटून पडणारा असा हा माणूस. कार्यक्रमाच्या मध्यावर बाकीची मंडळी त्याला पाच-दहा मिनिटे रान मोकळे करून देतात, आणि तो आपले सारे कसब एका दमात ओतून टाळ्या मिळवितो. हे चित्र अगदीच खोटे नाही. परंतु आजच्या भाषणाचा जो नायक आहे तो या चित्रात कोठेच बसत नाही. एक लहानसा ठेका धरावा आणि तो पंधरा-वीस मिनिटे, न थकता, न ढळता वाजवीत राहावा, एवढेच त्याने आपले काम मानले. आणि एवढ्याच कामावर त्याने जर्मनी, इंग्लंड आणि अमेरिका येथील वादकांच्या दोन पिढ्यांना आपल्याकडे मान वळवावयास लावले.

त्याचे नाव याकी लीबेत्साइट. पाळण्यातील नाव हान्स. याकी हे मागाहून चिकटलेले. जर्मन भाषेत 'लीबे' म्हणजे प्रेम आणि 'त्साइट' म्हणजे काळ. तालवादकाला याहून शोभणारे आडनाव एखाद्या कादंबरीकाराने योजिले असते तर वाचकांनी ते कृत्रिम म्हणून नाकारले असते. पण हे त्याला जन्मतःच मिळाले होते.

लीबेत्साइट ज्या संगीताचा, त्याला 'अंडरग्राउंड' म्हणजे भूमिगत रॉक असे म्हणतात. भूमिगत या शब्दाने १९४२ सालच्या चळवळीची आठवण होईल. पण येथे त्याचा अर्थ निराळा आहे. पोलिसांपासून नव्हे, तर बाजारापासून दूर राहिलेले हे संगीत. मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती, तीन मिनिटांची गुळगुळीत गाणी, नटव्या छायाचित्रांची प्रसिद्धी यांच्या वाटेला न जाता, थोड्या पण जाणत्या श्रोत्यांसाठी वाजविलेले. अशा संगीताच्या तबकड्या त्या त्या काळी हजारांच्या घरात खपतात. परंतु ज्यांनी त्या विकत घेतल्या त्यांपैकी अनेक जण पुढे स्वतःच वादक होतात. लीबेत्साइटच्या बाबतीत नेमके हेच झाले.

त्याचा जन्म २६ मे १९३८ रोजी ड्रेस्डेनच्या परिसरात झाला. म्हणजे ज्या पिढीचे बालपण बाँबवर्षावात गेले आणि जिने तारुण्यात पदार्पण करताच वडीलधाऱ्यांच्या सगळ्या वारशाकडे संशयाने पाहिले, त्या जर्मन पिढीतला हा मुलगा. या पिढीला स्वतःचे म्हणावे असे संगीत नव्हते. लष्करी कूच, नाझी राजवटीने विटाळलेली लोकगीते आणि युद्धानंतरची मिळमिळीत गाणी यांपैकी काहीच त्यांना नको होते. अमेरिकन सैनिकांबरोबर आलेले जाझ हाच त्यांना मोकळा वारा वाटला. लीबेत्साइट प्रथम ट्रम्पेट वाजवी. ड्रमकडे तो नंतर वळला. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस तो कोलोन येथे आला आणि तेच पुढे त्याचे गाव झाले. साठीच्या दशकाच्या आरंभी काही काळ तो स्पेनमध्ये, बार्सिलोना येथे होता. तेथे त्याने चेट बेकर या नामांकित अमेरिकन ट्रम्पेटवादकाची आणि तेते मोंतोल्यू या अंध पियानोवादकाची साथ केली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तेथे त्याच्या कानावर फ्लामेंको आणि समुद्रापलीकडचे उत्तर आफ्रिकेचे संगीत पडले. ताल हा एका ओळीत मोजत जाण्याचा हिशेब नसून तो वर्तुळासारखा फिरून स्वतःपाशी परत येतो, ही गोष्ट युरोपातील शाळांतून कोणी शिकवीत नसे. आपल्याकडे आवर्तन आणि सम हे शब्द ज्याच्या कानी आहेत त्याला यात नवल वाटणार नाही. लीबेत्साइटला मात्र ते शोधून काढावे लागले. पुढे तुर्की, इराणी आणि भारतीय संगीतही त्याने याच दृष्टीने ऐकले.

स्पेनमधून परतल्यावर तो मान्फ्रेड शूफ याच्या पंचकात दाखल झाला. हे पंचक 'मुक्त जाझ' वाजवी. १९६६ साली अलेक्झांडर फॉन श्लिपेनबाख याने बर्लिनच्या जाझ महोत्सवासाठी 'ग्लोब युनिटी' नावाचा मोठा वाद्यवृंद उभारला, त्यातील दोन ड्रमवादकांपैकी एक लीबेत्साइट होता. म्हणजे वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी जर्मनीतील सर्वांत पुढारलेल्या संगीताच्या अगदी मध्यभागी तो जाऊन बसला होता. कोणाही वादकाने येथे समाधान मानले असते.

परंतु या मुक्ततेत त्याला एक बेडी दिसू लागली. मुक्त जाझमध्ये वाटेल ते वाजविण्यास मुभा होती. नव्हती ती एकाच गोष्टीस. सलग ताल धरण्यास! एखादी आकृती दोनदा सारखी वाजली की ती जुनाट ठरे. स्वातंत्र्याच्या नावाखाली पुनरुक्तीवर बंदी घालण्यात आली होती, आणि तालवादकाकडून पुनरुक्ती काढून घेणे म्हणजे गायकाकडून षड्ज काढून घेण्यासारखे आहे. लीबेत्साइटची तक्रार हीच होती. ज्या स्वातंत्र्यात ठेका धरण्याचे स्वातंत्र्य नाही, ते कसले स्वातंत्र्य?

याच सुमारास घडलेली एक गोष्ट तो पुढे मुलाखतींतून सांगत असे. कार्यक्रम संपल्यावर प्रेक्षकांपैकी कोणी एक तऱ्हेवाईक इसम त्याच्याजवळ आला आणि म्हणाला की, तू एकसुरी वाजविले पाहिजेस. हा इसम कोण, हे कोणाला ठाऊक नाही. कुशल वादकाला असे सांगणे हा एरवी अपमानच. पण लीबेत्साइटने तो उपदेश मानला. आयुष्यभर पाळला. संगीताच्या इतिहासात गुरूपदेशाचे प्रसंग पुष्कळ आहेत, परंतु इतका त्रोटक आणि इतका फळास आलेला उपदेश विरळाच.

१९६८ साली कोलोनमध्ये इर्मिन श्मिट हा पियानोवादक एक नवी मंडळी जमवीत होता. श्मिट हा पेशाने अभिजात संगीताचा वाद्यवृंद-संचालक. कार्लहाइन्त्स श्टोकहाउझेन या अत्याधुनिक रचनाकाराकडे शिकलेला. त्याचा सहकारी होल्गर चुकाय हाही श्टोकहाउझेनचाच शिष्य. गिटारवर मिखाएल कारोली नावाचा वीस वर्षांचा तरुण, हा चुकायचा विद्यार्थी. या पंडितांना रॉक वाजवावयाचे होते, आणि ते कसे वाजवितात हे त्यांना फारसे ठाऊक नव्हते. हाच त्यांचा मोठा गुण ठरला. श्मिटने लीबेत्साइटला विचारले की, आम्हाला एखादा ड्रमवादक सुचव. मुक्त जाझमधील एवढा नावाजलेला माणूस स्वतः येईल, अशी त्याला कल्पनाही नव्हती. लीबेत्साइटने उत्तर दिले, मीच येतो.

या मंडळीचे नाव पुढे 'कॅन' पडले. इंग्रजीत त्याचा अर्थ साधा पत्र्याचा डबा. परंतु हीच अक्षरे तुर्की भाषेत 'जान' अशी उच्चारली जातात. फारसीतून तुर्कीत गेलेला हा शब्द आपल्या मराठीतही आहेच. ही गोष्ट लीबेत्साइटला फार आवडे.

प्रारंभी कोलोनजवळील न्योरफेनिख येथील एका जुन्या गढीत त्यांची बैठक होती. गायक होता माल्कम मूनी नावाचा अमेरिकन निग्रो चित्रकार, असे त्या काळचे वृत्तपत्र म्हणाले असते. आज आपण कृष्णवर्णीय म्हणू. तेथे मुद्रित झालेल्या १९६९ सालच्या पहिल्या तबकडीची एक संपूर्ण बाजू एकाच गाण्याने व्यापली आहे. वीस मिनिटांचे हे गाणे मुळात तासन् तास चाललेल्या वादनातून कापून काढलेले. त्यांची पद्धतच अशी होती. अगोदर रचना करावयाची नाही, स्वरलिपी लिहावयाची नाही. वाजवीत बसावयाचे, आणि दोन पट्ट्यांच्या साध्या ध्वनिमुद्रण यंत्राची फीत मागाहून कात्रीने कापून चुकायने त्यातले सत्त्व जोडावयाचे. आता हे कापणे आणि जोडणे शक्य कशामुळे झाले? पहिल्या मिनिटाचा तुकडा चाळिसाव्या मिनिटाच्या तुकड्याला जोडला तर सांधा दिसू नये, यासाठी लय दोन्ही ठिकाणी एकच असावी लागते. लीबेत्साइटच्या हातात ती असे. चुकायच्या कात्रीचे जे कौतुक झाले, त्यातील बराच वाटा ड्रमच्या मागे बसलेल्या माणसाचा आहे.

येथे थोडे थांबून तो वाजवीत असे ते कसे, हे पाहिले पाहिजे. एकसुरी म्हणजे निर्जीव नव्हे. तबल्याच्या स्वतंत्र वादनात शेजारी बसलेला सारंगिया किंवा पेटीवाला एकच लेहरा तासभर वाजवीत असतो. त्याने त्यात स्वतःची भर घातली तर तबलजी डोळे वटारील. पण त्याने जीव न ओतता वाजविला तर मैफल पडेल. लीबेत्साइटने ही भूमिका उलटी करून घेतली. लेहरा धरला तालवादकाने आणि वर विहार करावयास सोडले गिटार, पियानो आणि गळा यांना. त्याचा ठेका ऐकताना प्रथम वाटते, यात काय आहे? चार-दोन मिनिटांनी ध्यानात येते की आकृती तीच असली तरी आघातांचे वजन किंचित हलते आहे. दोन ठळक आघातांमध्ये जवळजवळ न ऐकू येणारे हलके आघात पेरलेले आहेत. सहवादक चढू लागले की ठेका जलद होत नाही, नुसता घट्ट होतो. आणि दहा मिनिटांनी ऐकणाराच बदललेला असतो. १९७१ सालच्या 'टागो मागो' या जोड-तबकडीतील 'हालेलुवा' ही सुमारे अठरा मिनिटांची रचना याचे उत्तम उदाहरण आहे. तीत सर्व काही घडते, आणि ठेका मात्र जागचा हलत नाही.

या सुमारास मूनीच्या प्रकृतीने दगा दिल्यामुळे तो अमेरिकेस परतला होता. १९७० साली म्युनिक येथे चुकाय आणि लीबेत्साइट एका उपाहारगृहाबाहेर बसले असता रस्त्यावर गात चाललेला दामो सुझुकी हा जपानी तरुण त्यांना दिसला. त्याच रात्री तो त्यांच्याबरोबर रंगमंचावर उभा राहिला. तालीम नाही, करार नाही. ज्यांच्या पायाखालची जमीन पक्की असते तेच असले साहस करू शकतात.

१९७१ च्या अखेरीस ही मंडळी कोलोनजवळच्या वाइलर्सविस्ट गावातील एका बंद पडलेल्या चित्रपटगृहात राहावयास गेली. आवाज घुमू नये म्हणून त्यांनी भिंतींना लष्कराच्या जुन्या गाद्या लावल्या. तेथेच त्यांचे 'स्पून' हे गाणे झाले. जर्मन दूरचित्रवाणीवरील 'डास मेसर' या रहस्यमालिकेचे शीर्षकगीत म्हणून ते घरोघरी पोहोचले आणि १९७२ साली जर्मनीच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत चढले. भूमिगत मंडळींना हा सूर्यप्रकाश अनपेक्षितच होता. त्याच आनंदात फेब्रुवारी १९७२ मध्ये त्यांनी कोलोनच्या क्रीडागृहात विनामूल्य कार्यक्रम केला, त्याला सुमारे दहा हजार माणसे लोटली. पाठोपाठ आलेल्या तबकडीच्या वेष्टनावर भेंडीच्या डब्याचे चित्र होते! कोलोनमधील तुर्की दुकानात मिळालेला हा डबा, आणि त्यावरचे तुर्की नाव 'एगे बाम्यासी', म्हणजे एजियन किनाऱ्याची भेंडी, हेच तबकडीचे नाव झाले.

'स्पून'ची लोकप्रियता एका वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या गाण्यात ठेका देणारे विजेचे यंत्र वापरले आहे, आणि त्या यंत्राच्या जोडीने लीबेत्साइट स्वतः वाजवितो आहे. उपाहारगृहांतून ऑर्गनवाल्याच्या साथीला ठेवण्यात येणारे हे यंत्र त्या काळी खेळण्यासारखे समजले जाई. ड्रमवादक त्याच्याकडे तुच्छतेने पाहत. दहा वर्षांत तेच यंत्र त्यांच्या पोटावर पाय देणार होते. ऐंशीच्या दशकात ध्वनिमुद्रणालयांतून ड्रमवादकांना हळूहळू रजा मिळू लागली. यंत्र पगार मागत नाही, लय चुकत नाही आणि उशिरा येत नाही. ज्यांची सारी प्रतिष्ठा कसरतीवर उभी होती, त्यांना या यंत्राशी झगडता येईना. लीबेत्साइटला त्याची भीती कधीच वाटली नव्हती. त्याच्या सोबत्यांनी त्याला यंत्राची उपमा दिली ती स्तुती म्हणूनच. मात्र यंत्राहून तो सरस, असे ते आवर्जून सांगत. यंत्र ऐकत नाही. ते दिलेली आकृती पुन्हा पुन्हा बाहेर टाकते. पण शेजारच्या गिटारने श्वास रोखला आहे, हे त्याला कळत नाही. लीबेत्साइट मंडळीतील सर्वांत अधिक ऐकणारा होता.

१९७३ साली सुझुकी निघून गेला. पुढच्या वर्षांत अनेक पट्ट्यांची मोठी ध्वनिमुद्रण यंत्रे आली, प्रत्येकाचे वादन निराळे मुद्रित करण्याची सोय झाली आणि त्याबरोबर एकत्र बसून ऐकण्याची निकड संपली. कॅनच्या उत्तरकालीन तबकड्या वाईट नाहीत, पण पूर्वीचा ताण त्यांत आढळत नाही. सोयी वाढल्या की कला वाढते, हा समज पुन्हा एकदा खोटा ठरला. दशकाच्या अखेरीस मंडळी विखुरली. १९८६ मध्ये ती मूनीसह पुन्हा एकत्र बसली, त्यातून १९८९ साली एक तबकडी निघाली, एवढेच.

लीबेत्साइटला मात्र कामाची वाण पडली नाही. १९७७ साली ब्रायन ईनो या इंग्लिश संगीतकाराने त्याला आपल्या तबकडीत वाजविण्यास बोलाविले. त्याच वर्षी मिखाएल रोटर याच्या पहिल्या स्वतंत्र तबकडीवरही त्याचाच ठेका होता. १९८१ मध्ये युरिथमिक्स या पुढे जगप्रसिद्ध झालेल्या जोडीच्या पहिल्या तबकडीत तो होता. १९९७ साली डिपेश मोड या लोकप्रिय मंडळीनेही त्याला पाचारण केले. जॉय डिव्हिजनचा ड्रमवादक स्टीफन मॉरिस याने त्याचे ऋण उघडपणे मान्य केले आहे. मँचेस्टरच्याच 'द फॉल' या मंडळीने १९८५ साली सुझुकीच्या नावाने गाणे केले. अमेरिकेतील कान्ये वेस्ट याने २००७ साली एका गाण्यात कॅनच्या जुन्या रचनेचा आधार घेतला. ही यादी लांबविता येईल. परंतु उसना घेतलेला ठेका ज्याचा त्यालाच शोभतो, हे त्यांतील काही नमुने ऐकताना जाणवल्यावाचून राहत नाही.

खरे कुतूहल आहे ते त्याच्या उत्तरायुष्याविषयी. साठीकडे झुकलेला वादक साधारणतः जुन्या कीर्तीवर जगतो. लीबेत्साइटने या वयात आपले वाद्यच मोडून पुन्हा बांधले. पाश्चात्य ड्रमसंच ही वस्तू फार जुनी नाही. पूर्वी कूच करणाऱ्या वाद्यवृंदात मोठा ड्रम एकाकडे, लहान ड्रम दुसऱ्याकडे आणि झांज तिसऱ्याकडे असे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी पायाने दाबावयाची पट्टी प्रचारात आली आणि तीन माणसांचे काम एकाच्या दोन हातांवर आणि दोन पायांवर पडले. लीबेत्साइटने विचार करून पायाची ही पट्टी काढून टाकली; आपल्याभोवती निरनिराळ्या उंचीच्या स्वरांचे ड्रम मांडले आणि सर्व आघात हातांनीच करावयाचे ठरविले. जगातील बहुतेक तालवाद्ये हातांनीच वाजतात. पाय चालण्यासाठी आहेत, असा एकंदर त्याचा रोख.

याच काळात त्याने तालाचे आपले शास्त्र तयार केले. तारयंत्राच्या मोर्स लिपीत ठिपका म्हणजे ई आणि रेघ म्हणजे टी. या दोन अक्षरांवरून त्याने आपल्या पद्धतीस नाव दिले आणि प्रत्येक ताल ठिपके व रेघा यांत, म्हणजे ऱ्हस्व व दीर्घ यांत मांडला. ज्याने शाळेत भुजंगप्रयाताचे लघु-गुरू पाडले आहेत, त्याला ही कल्पना घरचीच वाटेल. आपल्या पिंगलशास्त्राशी त्याची ही आकस्मिक भेट होते ती कोलोनमधील एका तालीमखोलीत! या मांडणीच्या आधारे त्याने बर्न्ट फ्रीडमन या ध्वनिकाराबरोबर २००२ पासून 'सिक्रेट रिदम्स', म्हणजे गुप्त ताल, या नावाने पाच तबकड्या काढल्या. चार मात्रांच्या सरळ चालीवर पोसलेल्या रॉकच्या श्रोत्यांना त्यांत पाच, सात, अकरा अशा मात्रांची आवर्तने भेटतात, आणि तीही इतक्या सहजपणे की मोजण्याचे भान राहत नाही. कोलोनमध्ये 'ड्रम्स ऑफ केऑस' नावाचा केवळ तालवादकांचा एक मेळ त्याने ऐंशीच्या दशकापासून चालविला. तेथे कोणी पुढे नसे, कोणी मागे नसे. प्रत्येकाने आपली लहान आकृती धरावयाची आणि शेजाऱ्याची ऐकावयाची.

एप्रिल २०१७ मध्ये लंडनच्या बार्बिकन सभागृहात कॅनच्या गौरवार्थ मोठा कार्यक्रम योजिला होता. त्यापूर्वीच, २२ जानेवारी २०१७ रोजी, न्यूमोनियाच्या विकाराने लीबेत्साइटचे निधन झाले. तो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता. कारोली २००१ मध्येच गेला होता. चुकाय त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, वाइलर्सविस्टच्या त्या जुन्या चित्रपटगृहात मृत्यू पावला. लंडनचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झाला. इर्मिन श्मिटने लंडन सिंफनी वाद्यवृंदाचे संचालन केले, मूनी गायला, आणि ड्रमच्या मागे दुसरी माणसे बसली.